टरेटचा हातदांडा आणि माणगावचा पुतळा

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या मराठी सैनिकांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी एकाच प्रश्नावर अडते: ते ब्रिटिशांचे पगारी शिपाई, मग त्यांचं कौतुक कशाला? समोरचा लगेच शौर्याचा जयघोष करतो. त्या माणसाने त्या दिवशी नेमकं काय केलं, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. कॅनडातही त्याच युद्धावरून कडवट वाद झाला, पण तिथे निदान तपशील जपून ठेवलेला आहे.

ओंटारिओत हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात एक लँकेस्टर बाँबर आहे, अजून उडणारं. ते 'केबी ७२६' या विमानाच्या खुणांनी रंगवलंय. मूळ केबी ७२६ बांधलं गेलं माल्टनला, आजच्या टोरांटो विमानतळाच्या जागी. १२ जून १९४४ च्या रात्री ते इंग्लंडहून फ्रान्समधल्या काँब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं. सातजणांत गनर दोन: विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटीत, विनिपेगचे अँड्र्यू मिनार्स्की, शेपटीत पॅट ब्रॉफी.

शेपटीच्या टरेटमध्ये .३०३ इंची चार ब्राउनिंग मशीनगन असत, प्रत्येकीच्या मिनिटाला हजारावर गोळ्या. पण जर्मन लढाऊ विमानांच्या २० मिलिमीटर तोफांपुढे त्यांचा पल्ला तोकडाच. म्हणून गनरचं खरं काम गोळ्या झाडण्यापेक्षा बघण्याचं. अंधारात काही हललं की इंटरकॉमवर ओरडायचं, 'कॉर्कस्क्रू पोर्ट, गो!' पायलट त्या क्षणी विमान डावीकडे खाली बुडवून, पिळत पुन्हा वर काढी. नजर स्वच्छ राहावी म्हणून कित्येक गनर समोरचं पारदर्शक प्लास्टिकचं तावदानच काढून टाकत आणि उणे ४० अंशांचा वारा तोंडावर घेत. विजेवर तापणारा सूट बिघडला की बोटं गेलीच. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये श्वासाचा बर्फ होई. विमानाच्या पोटाखालचं मात्र दिसतच नसे. पुढे जर्मनांनी वर तोंड केलेल्या तोफा बसवून तिथूनच पंखातल्या इंधनाच्या टाक्या टिपायला सुरुवात केली.

टरेट इतका अरुंद की पॅराशूट आत मावत नसे. ते पाठीमागे, विमानाच्या धडात टांगलेलं. उडी मारायची तर टरेट सरळ रेषेत आणायचा, मागची दारं उघडायची, पॅराशूट ओढून छातीला अडकवायचं, मग टरेट काटकोनात आडवा फिरवून पाठीवर बाहेर पडायचं. टरेट फिरे हायड्रॉलिक दाबावर, आणि दाब येई इंजिनाच्या पंपातून. इंजिन गेलं की उरे फक्त हातदांडा.

त्या रात्री हेच घडलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली. ब्रॉफींच्या हाती पॅराशूट आलं, पण टरेट अर्धवट फिरून अडकला आणि हातदांडाही मोडला. मिनार्स्की आपल्या टरेटमधून उतरून बाहेर पडण्याच्या दाराकडे निघाले होते. मागे ब्रॉफी अडकलेले दिसले तसे ते पेटलेल्या तेलातून रांगत तिकडे गेले. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी झटले. ब्रॉफींनी परत जायची खूण केली तेव्हा मिनार्स्कींचे कपडे पेटले होते. त्यांनी सलाम केला आणि उडी मारली. पॅराशूटही जळत होतं. जमिनीवर जिवंत पोचले, पण भाजल्याने गेले. वय २७. विमान कोसळताना ब्रॉफी टरेटमधून बाहेर फेकले गेले आणि वाचले. ते वाचले म्हणूनच हे सगळं कळलं आणि १९४६ मध्ये मिनार्स्कींना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मरणोत्तर मिळाला.

ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडचे युद्धात ५५,५७३ जण मेले, त्यांत सुमारे १०,००० कॅनेडियन. त्यांच्या आणि अमेरिकन विमानांच्या बाँबनी एकट्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात सुमारे २५,००० माणसं मारली. ओटावाच्या युद्ध संग्रहालयातल्या एका फलकावर या बाँबफेकीच्या नैतिकतेचा वाद मिटलेला नाही, असं लिहिलेलं होतं. माजी सैनिक दुखावले, प्रकरण सिनेटपर्यंत गेलं, २००७ मध्ये मजकूर बदलायचं ठरलं. त्यांचं दुःख खरंच होतं, तरी माझ्या मते ही माघार चुकीची होती. मिनार्स्कींचा मान राखायला ड्रेस्डेनचे मृत झाकावे लागत नाहीत.

मिनार्स्की गेले त्यानंतर महिन्याच्या आत, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले, नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, वय २२. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. थडगं ठाऊक नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

पगारी शिपाई? पगार मिनार्स्कींनाही होता. फरक आहे तो वेगळा, आणि तो पुसू नये. कॅनडाच्या संसदेने स्वतः युद्धाला मंजुरी दिली होती. भारताला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता युद्धात ओढलं. पुतळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या शाळकरी पोराला हे सांगायलाच हवं. आणि त्याच दमात हेही, की तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेडने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडले.