काळा द्रव म्हणजे द्रावण नव्हे

‘संयुग्मित पॉलिमर घालून सोनिकेट केलं की नॅनोट्यूब विरघळतात’ हे कार्बन नॅनोट्यूबवरच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं. संयुग्मित पॉलिमर म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या लांब साखळ्यांचे रेणू, ते नळ्यांना गुंडाळतात; सोनिकेट करणं म्हणजे द्रव अल्ट्रासाऊंडनं हलवणं. एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या द्रवात सुट्या नळ्यांबरोबर एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांच्या जुड्याही तरंगत असतात. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगानं फिरवून) वरचाच द्रव घ्यायचा आणि शोषण वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) पाहायचा. लहान व्यासाच्या एकपदरी (एकाच थराची भिंत असलेल्या) अर्धवाहक नळ्यांची शिखरं १००० ते १३०० नॅनोमीटरदरम्यान टोकदार हवीत. पसरट आणि लाल बाजूला (जास्त तरंगलांबीकडे) सरकलेली असली तर जुड्या उरल्यात. त्यावर सोनिकेटरचा प्रोब (द्रवात बुडवायची कंप पावणारी दांडी) आणखी तासभर चालवणं हा उपाय नव्हे, नळ्या तुटून आखूड होतात. सोनिकेट करताना भांडं बर्फात ठेवायला तर विसरूच नये.

मोकळ्या पॉलिमरचा लेखात उल्लेखच नाही! नळ्यांना गुंडाळलेल्यापेक्षा तो सहसा जास्त असतो आणि द्रवाची फिल्म (पातळ थर) वाळली की नळ्यांच्या सांध्यांत अडकून विद्युत रोध वाढवतो. ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्यावर गाळून टोल्यूइन या विद्रावकानं धुवावं, पण बेतानं: अति धुतलं की नळ्या पुन्हा चिकटतात. विद्रावकही हवा तो चालत नाही. पीएफओ (पॉलिफ्लुओरीन जातीचा एक संयुग्मित पॉलिमर) टोल्यूइनमध्ये अर्धवाहक नळ्या निवडून उचलतो. टेट्राहायड्रोफ्युरॅनमध्ये नळ्या जास्त पसरतात, पण ती निवड बरीचशी जाते.