‘असलं लिहून लोकांना घाबरवू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, (वय ७१ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते) तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवली आहे. हार्ट अटॅकमधून वाचल्यावर आता साध्या फॉलोअपला जायचं म्हटलं तरी माझी झोप कशी उडते, हे मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे शहरी लाड आहेत, तुमच्या पिढीने बायपास करून घेतल्या आणि मुकाट कामाला लागली, आणि असलं वाचून आधीच कचरणारा माणूस तपासणीला जायचंच सोडेल. शेजारच्या गृहस्थांनी स्टेंटनंतरच्या गोळ्या बंद केल्या, त्याचं खापरही तुम्ही अशाच लिखाणावर फोडलंय.

मला सांगा, तपासणी टाळणारा माणूस ‘मला भीती वाटते’ असं कधी म्हणतो का? तो म्हणतो, आता बरं वाटतंय. डॉक्टर उगाच टेस्टा लावतात. दिवाळी होऊन जाऊ दे. आणि घरचेही हो ला हो करतात, कारण त्यांनाही त्या कॅज्युअल्टीच्या दारात पुन्हा उभं राहायचं नसतं.

लाडांबद्दल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आधीच्या २४ अभ्यासांमधल्या २,३०० हून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली होती. अटॅक किंवा त्यासारख्या तीव्र हृदयविकारातून वाचलेल्या साधारण आठांतल्या एकाला पीटीएसडीची, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात घर करून राहणाऱ्या भीतीच्या विकाराची, ठळक लक्षणं होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत आपण ऐकतो, तोच हा विकार. ज्याने तो प्रसंग आठवेल ते सगळं टाळत राहणं, हे त्याचं एक मुख्य लक्षण. सैनिकाला निदान रणांगणापासून लांब राहता येतं. आम्हाला ठरल्या तारखेला त्याच इमारतीत जाऊन, छातीला तसंच गार जेल लावून घेत इकोच्या टेबलावर निपचित पडायचं असतं. तुम्हीही लिहिलंय की ऑपरेशननंतर दोन वर्षं त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने गेला नाहीत, ‘काम नव्हतं म्हणून’. नसेलही. मी वाद घालत नाही.

पण ही भीती डॉक्टरांपासून लपवली की उपचारच चुकू शकतात, आणि मला लिहायचं होतं ते हेच. ओपीडीत माझं बीपी १६० च्या वर जातं, घरी १२५ च्या आसपास असतं. मी गप्प बसले तर डॉक्टर समोर दिसेल त्या आकड्यावर गोळी वाढवणार, आणि मी घरी अंथरुणातून उठताना चक्कर येऊन पडणार. म्हणून आत गेल्या गेल्या सांगून टाकते, ‘डॉक्टर, मी घाबरलेली आहे, बीपी निघताना परत बघा.’ सोबत घरची वही नेते. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, पावलं जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीला आणून, दोन-दोन रीडिंग, तपासणीआधी आठवडाभर. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी १३५/८५. वही असली की बोलणं त्या आकड्यांवर होतं, माझ्या घामेजलेल्या तळव्यांवर नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याहूनही कडक आहे. धडधड, छातीवर दडपण, घाम, श्वास अपुरा पडणं हे घाबरल्यावरही होतं आणि अटॅकमध्येही. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाने, विशेषतः बाईने, ‘टेन्शनमुळे असेल’ असं स्वतःच ठरवून पाणी पिऊन आडवं व्हायचं नाही. १०८ ला फोन करायचा, ईसीजी काढायचा. नॉर्मल आला तर शरमायचं काही कारण नाही. बायकांच्या छातीतल्या दुखण्याला पित्त आणि टेन्शन ही दोन नावं फार सहज मिळतात, तेवढं जरा घरातल्या पुरुषमंडळींनीही ऐकावं.

भीती वारंवार उसळत असेल तर तिच्यावर उपचार आहेत. समुपदेशन आहे, लागल्यास औषध आहे. फक्त मानसोपचारतज्ज्ञांना हृदयाच्या सगळ्या गोळ्या दाखवायच्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता तुमचे शेजारी. स्टेंट घातल्यावर बहुतेकांना साधारण वर्षभर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, आणि पुढेही त्यातली एक सहसा चालूच राहते. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. त्यांनी माझा ब्लॉग वाचला होता की नाही, हे नंतर बघू. आधी आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा, स्टेंट कधी बसवला, गोळ्या कोणत्या, कधीपासून बंद आहेत ते विचारा, आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या. ‘घाबरता काय’ एवढं मात्र म्हणू नका. ते लगेच ‘नाही हो, मी कुठे घाबरतो’ म्हणतील आणि चहा ठेवायला सांगतील.