काकांचा चुना आणि कोंबड्यांचा चिखल

पुण्यातल्या धायरीत स्वतःचं घर, घरामागे चार हात मोकळी जागा आणि नवरा नुकताच निवृत्त. या तीन गोष्टी जुळल्या की कोंबड्या येतातच. आमच्याकडे गावरान आल्या. ह्यांनी जाळी ठोकली, खुराडं बांधलं. उन्हाळाभर हे खुर्ची टाकून बसायचे, कोंबड्या धुळीत लोळायच्या आणि अंड्यांचा हिशेब डायरीत चढायचा.

मग मृग लागला.

बागेसाठी म्हणून मुद्दाम आणवलेली काळी माती पाणी प्यायली आणि सोडायचं नाव घेईना. जाळीच्या आत नुसता रेंदा. कोंबड्यांच्या नख्यांना चिखलाचे गोळे, त्याच पायांनी त्या अंड्यांवर बसणार. आणि वास! तो नाकात शिरत नव्हता, नाकाला झोंबत होता. शेजारचे काका कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे कसला गॅस गळतोय का?" पुण्यात तक्रार अशी काळजीच्या सुरात येते.

ह्यांचा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेला. सकाळी पोहे समोर आल्यावर सुरुवात. "अगं, कोंबडी शू वेगळी करत नाही. शिटेवर पांढरी टोपी असते ना, ते युरिक ॲसिड. कोरडं राहिलं तर गप्प असतं. ओलं झालं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेत २५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत पंचवीसच्या, वर गेला की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि छातीला त्रास." मी पोह्यांची बशी खाली ठेवली. आमच्या नाकांना किती पीपीएम चालतो, ते मास्तरांनी सांगितलं नाही.

उपायांचा मात्र तुटवडा नव्हता. नणंद म्हणाली फिनेल ओत. समोरच्या काकू धुपाटणं घेऊन आल्या. अमोनियात धूप मिसळला की काय होतं, हे ज्यानं हुंगलं त्यालाच ठाऊक. सगळ्यांवर कडी काकांची. "आमच्या आजोळी गोठ्यात चुना टाकायचे," असं म्हणून त्यांनी आम्ही उठायच्या आत भिंतीवरून पिशवीभर चुना भुरभुरला. शिटेत अडकून बसलेला अमोनिया चुन्यासारखी अल्कली भेटताच वायू होऊन सुटतो. घटकाभरात कोंबड्या दांडीवर चढून बसल्या आणि काका खिडक्या लावून घेताना दिसले. शिवाय ओल्या चुन्यानं पाय भाजतात, म्हणून भर पावसात ह्यांनी रेनकोट घालून वरचा थर फावड्यानं खरवडून काढला. मास्तरांना ज्यांनी शाळेत पाहिलंय त्यांनी हे पाहू नये.

तोडगा निघाला भांडी घासता घासता. आमच्या मावशी भोरकडच्या. म्हणाल्या, "ताई, खाली भाताचं तूस टाका की! पर आधी पानी कुटनं येतंय ते बघा. पानी येतच ऱ्हायलं तर तुसाचा बी चिखल हुईल."

हे कोणालाच सुचलं नव्हतं. सगळे वासाच्या मागे, पाण्याच्या मागे एकही नाही. मग एका मुसळधार दुपारी हे छत्री घेऊन ओहोळाच्या उगमाकडे निघाले. थोडं पाणी आमच्याच वळचणीचं होतं. बाकीचं सगळं भिंतीच्या भोकातून येत होतं आणि भोकाच्या वर होता काकांच्या गच्चीचा चार इंची पाइप.

ह्यांनी लगेच डायरी काढली. हजार चौरस फुटांची गच्ची, त्यावर एक इंच पाऊस, म्हणजे सुमारे २३६० लिटर पाणी. उन्हाळ्यात आम्ही दहा हजार लिटरच्या टँकरसाठी ज्यांच्या हातापाया पडतो, त्यांनी ऐकावं: पाव टँकर फुकट, थेट कोंबड्यांच्या अंगणात!

काकांनी डायरी चष्मा लावून पाहिली. "पाणी उताराकडे जाणारच. त्यात माझा काय दोष?" पण चुन्याचा वास अजून त्यांच्याही पडद्यांत होता. पाइपला वळणाचा तुकडा, म्हणजे एल्बो बसला, पाणी रस्त्याकडच्या गटाराला लागलं. आम्ही वळचणीला पन्हळ लावली, जाळीबाहेरून चर खणून त्यात खडी भरली आणि निम्म्या जागेवर पत्रा टाकला. भोरच्या गिरणीतून तुसाची पोती आली, त्यांचा अर्धा फूट जाड थर झाला. हे रोज मूठभर तूस दाबून बघतात: लाडू वळला तर ओलं, भुगा होऊन सांडला तर झकास. खालीवर करायला दाताळंही लागत नाही. मूठभर ज्वारी फेकायची, कोंबड्या उकरून उकरून सगळं हलवतात. तूस नुसता ओलावा ओढत नाही, त्यातला कार्बन शिटेतल्या नायट्रोजनला धरूनही ठेवतो, असं पुन्हा पोह्यांच्या वेळी कळलं. या खेपेला मी खात राहिले, कारण वासच नव्हता.

रविवारी काका कागद घेऊन आले. एल्बो, पाइपचा तुकडा, सोल्युशन, प्लंबर आणि हार्डवेअरच्या दुकानापर्यंतची रिक्षा. खाली बेरीज, बेरजेचं निम्मं, निम्म्याखाली दोन रेघा. ह्यांनी शांतपणे डायरीतलं पान फाडून पुढे केलं. त्यात तुसाची पोती होती, खडी होती आणि शेवटची नोंद होती 'चुना खरवडणे, मजुरी'.

"मजुरी कसली? तुम्हीच खरवडलात ना!" काका म्हणाले.

"मग रिक्षा कसली? दुकान कोपऱ्यावर तर आहे."

मी चहा टाकायला आत गेले. हे प्रकरण दोन कपांत मिटणारं नव्हतं.