फ्रीजरमधला खंड

आमच्या फ्रीजरमध्ये गेले तीन आठवडे अंटार्क्टिका आहे. मटारची पिशवी हवी असेल तर रॉस समुद्राच्या बाजूने हात घालावा लागतो, आणि तो बाहेर काढताना द्वीपकल्पाला धक्का लागणार नाही हेही बघावं लागतं. लागलाच, तर तासभर रडारड.

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. बायको नोकरीला जाते आणि मी घरून काम करतो, म्हणजे निदान माझ्या ऑफिसचा तसा समज आहे. ‘मुलांना पाठांतर नको, हाताने करून शिकू द्या’ हे वाक्य मी चारचौघांत इतक्या वेळा फेकलंय की आता ते मागे घ्यायची सोय राहिलेली नाही.

खंड शिकवायची वेळ आली तेव्हा अंटार्क्टिका मीच सुचवला. कारण निव्वळ आळस. बाकीच्या खंडांत देश किती, राजधान्या किती, झेंडे किती, नद्या किती! इथे राजधानी नाही, नाणं नाही, निवडणूक नाही. पांढरा कागद दाखवायचा, ‘हा बर्फ’ म्हणायचं, एक पेंग्विन चिकटवायचा. दोन दिवसांत उरकेल, असा माझा हिशोब होता.

पहिला खोडा भिंतीवरच्या नकाशाने घातला. त्यात अंटार्क्टिका म्हणजे तळाशी एक वेडीवाकडी पांढरी पट्टी. धाकट्याने बोट ठेवून विचारलं, “बाबा, इथे नकाशा फाटलाय का?” मग संत्र्यावर पेनाने खंड काढले आणि साल सोलून ती टेबलावर सपाट करायला बसलो. गोल वस्तू सपाट करायला गेलं की ती कुठेतरी ताणली जाते नाहीतर फाटते, हे दाखवायचं होतं. साल फाटली. ‘बघा, फाटली की नाही!’ असं मी विजयाने म्हणेपर्यंत धाकट्याने आतलं संत्रं संपवलं होतं आणि त्याच्या हनुवटीवर अर्धी आफ्रिका उमटली होती. पण खरा आकार त्यांना कळला: सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. भारतासारखे चार देश आत ठेवले तरी वर थोडी जागा उरते.

मग उठावाचा नकाशा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, मळा आणि थापा. लिहिताना दहा शब्द होतात. करताना मैदा पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचला. तो कसा पोचला, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीच्या ट्रेमध्ये आम्ही खंड थापला, मधून ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग ओढली, चार हजार आठशे ब्याण्णव मीटरचं व्हिन्सन शिखर चिमटीने वर काढलं. भारताच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन संशोधन तळांसाठी टाचण्या लावल्या. टाचण्या एकमेकींपासून एवढ्या लांब का, म्हणून आधी वाद झाला. दोन्ही तळ आपलेच, तर शेजारी शेजारी का नाही बांधले?

चौथ्या दिवशीही नकाशा ओलाच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, हे मला माहीत होतं. पण ते माझ्याच घरात, माझ्याच ट्रेमध्येही तसंच वागेल असं वाटलं नव्हतं. वर वाकलेलं ते शेपटासारखं द्वीपकल्प रोज एकदा मोडायचं आणि रोज आम्ही ते पाणी लावून चिकटवायचो. माझी आई येता-जाता बघायची. पाचव्या दिवशी म्हणाली, “अरे, त्याला प्लॅस्टर घाल आणि सहा आठवडे उचलू नको.”

शेवटी मैद्याचा नाद सोडला आणि बर्फाचा खंड बर्फाचाच करायचं ठरलं. ट्रेमध्ये पाण्याचे थर एकावर एक गोठवायचे. तिथल्या बर्फात थर साठत जातात, आणि तो खोलवर भोकून काढलेल्या नळकांड्यांतून शास्त्रज्ञांनी आठ लाख वर्षांपर्यंतच्या हवेचा अंदाज बांधलाय, हे त्यातून दाखवायचं होतं. बरं चाललं होतं. चार बोटं जाडीचा झकास बर्फ झाला होता. तेवढ्यात थोरली वही घेऊन आली.

“बाबा, खरा बर्फ सरासरी किती जाड आहे?”

“सुमारे १.९ किलोमीटर,” मी छाती काढून सांगितलं. रात्रीच वाचलं होतं.

“आणि खंडाची रुंदी?”

“ढोबळमानाने धर साडेचार हजार किलोमीटर.”

तिने मान खाली घालून भागाकार केला. “मग आपल्या ट्रेमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. म्हणजे बर्फ ०.१९ मिलिमीटर हवा. आपण चार बोटं घातलाय.”

मी तो भागाकार तीनदा तपासला. बरोबर होता. आम्ही थापलेलं व्हिन्सन शिखरही त्या मापाने अर्ध्या मिलिमीटरचंच भरत होतं. म्हणजे जगातला नव्वद टक्के बर्फ बाळगणारा तो अवाढव्य खंड, आणि आमच्या ट्रेच्या मापात त्याच्यावर जेमतेम जाड कागदाएवढं पांघरूण. मला हे फार सुंदर वाटलं. थोरलीला ती माझी चूक वाटली. तिने ट्रेवर चिठ्ठी चिकटवली: ‘माप चुकलेले आहे. जबाबदार: बाबा.’

पेंग्विनचा दिवस मात्र मी जन्मात विसरणार नाही. एम्परर पेंग्विनची मादी अंडं घालते, ते नराच्या हवाली करते आणि समुद्रावर निघून जाते. नर ऐन हिवाळ्यात ते अंडं पायांवर तोलून, पोटाच्या घडीखाली झाकून साधारण ६५ दिवस उभा राहतो. खायला काही नाही. अंडं बर्फावर घसरलं की संपलंच. हे वाचत असताना बायको पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. “मी निघते,” ती म्हणाली. धाकटा एकदम ओरडला, “आई समुद्रावर चालली!” ती हसत हसत गेली. नर घरात.

कृती अशी: पायांवर अंडं ठेवून न पाडता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मला चेंडू चालला असता. पण खरं अंडं अर्ध्या किलोच्या आसपास असतं हे थोरलीने वाचलं होतं, म्हणून फुग्यात पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन झालं. तो लिबलिबीत फुगा माझ्या पावलांवर ठेवला गेला. गुडघे जुळवून, टाचा घासत, दोन्ही हात मागे फाकवून मी निघालो. पोटाच्या घडीची वेगळी व्यवस्था करावी लागली नाही.

अर्ध्या वाटेवर बेल वाजली. मुलं माझ्या मागे दाटीवाटीने उभी, कारण पेंग्विन ऊब धरायला कळप करतात. अंडं खाली ठेवायची सोय नाही, कारण खाली बर्फ. मी तसाच फरफटत दारापर्यंत गेलो आणि कोपराने कडी काढली. बाहेर पार्सल घेऊन आलेला मुलगा. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, मागच्या कळपाकडे बघितलं. या लोकांना रोज काय काय बघावं लागत असेल कोण जाणे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणाला, “सर, ओटीपी?”

मोबाइल टेबलावर होता. मी सवयीने वळलो, माणसासारखा. फट्! उंबऱ्यावर पाणीच पाणी, त्याच्या बुटांवरही. दोन क्षण कोणी बोललं नाही. मग मागून धाकट्याचा बारीक आवाज आला, “बाबा, बाळ गेलं.” त्या मुलाने पार्सल कोरड्या जागी ठेवलं, पायऱ्या उतरता उतरता एकदा मागे वळून पाहिलं, आणि ओटीपीशिवायच गेला.

चरबीच्या प्रयोगाबद्दल फार बोलत नाही. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या मध्ये घट्ट तूप भरायचं, त्यात हात घालून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे सीलला थंडी का वाजत नाही ते कळतं. प्रयोग उत्तम होतो. पिशवी फुटते. पुढचे दोन दिवस घरातल्या एकाही दाराची मूठ कोणाच्या हातात ठरत नव्हती.

समुद्राच्या पातळीचा प्रयोगही तसा शहाणा आहे. दोन भांडी, दोन्हींत पाणी. एकात बर्फ तरंगता, दुसऱ्यात दगडावर ठेवलेला. तरंगता वितळला तरी पाणी चढत नाही, दगडावरचा वितळला की चढतं. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ५८ मीटर वर येतील, ते याच हिशोबाने. फक्त बर्फ वितळेपर्यंत थांबावं लागतं, आणि सहा वर्षांच्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. तो त्याच्या आईचा हेअर ड्रायर घेऊन आला. भांडं काठोकाठ भरलेलं, आणि ते माझ्या कामाच्या टेबलावर. सखल भागात ऑफिसचे कागद होते.

तरीही खरं संकट फ्रीजरमध्येच वाढत होतं.

टेलर हिमनदीच्या तोंडाशी लालभडक पाणी झिरपतं, त्याला ‘ब्लड फॉल्स’ म्हणतात. १९११ साली ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. बर्फाखाली अडकलेल्या खारट पाण्यात लोह आहे, आणि हवा लागली की ते गंजून लाल होतं. मुलांना हे कळल्यावर पेंग्विनची किंमत शून्य झाली. ‘आपल्याकडे पण रक्ताचा धबधबा पाहिजे.’ मी कॉलवर होतो, मान हलवली. कॉलवर असताना मान हलवू नये. मुलांनी वाटीत लाल रंग घातला आणि पाणी खारट हवं म्हणून मीठ विरघळेनासं होईपर्यंत ओतत राहिली. ती वाटी त्यांनी बर्फाच्या खंडावर, काठाशी, तिरकी टेकवून ठेवली.

साधं पाणी शून्याला गोठतं. मिठाने गच्च भरलेलं पाणी उणे एकवीसपर्यंत तग धरतं. घरचा फ्रीजर असतो उणे अठराच्या आसपास. त्यामुळे सगळं गोठलं, फक्त रक्त गोठलं नाही. ते रात्रभर सावकाश ओघळलं: खंडावरून, मटारांवरून, फ्रीजरच्या दाराच्या रबरातून खाली. पहाटे आई पाणी प्यायला उठली. तिने दिवा लावला. फ्रीजच्या दारावर वरून खालपर्यंत लाल ओघळ आणि लादीवर छोटं थारोळं.

आईची किंकाळी मी वर्णन करत नाही. सगळे धावत आले. थोरली डोळे चोळत खाली वाकली, नीट बघितलं आणि आनंदाने म्हणाली, “बाबा, खऱ्यासारखंच झालं! म्हणजे तिथलं पाणी पण मिठामुळेच गोठत नाही!” शिक्षक म्हणून माझा ऊर भरून आला. मुलगा म्हणून मी गप्प राहिलो, कारण आई भिंत धरून उभी होती. बायकोने फडकं माझ्या हातात दिलं. ती एक शब्दही बोलली नाही, त्यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.

त्याच संध्याकाळी परिषद भरली. सुदैवाने या विषयावर इतिहासात नमुना आहे. सात देशांनी अंटार्क्टिकाचे तुकडे आपापल्या नावावर सांगितले होते. त्यात ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे तुकडे तर एकमेकांवर चढलेले. मग १ डिसेंबर १९५९ रोजी १२ देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला: सैन्य नाही, अणुस्फोट नाही, संशोधन सगळ्यांना खुलं. आणि जुन्या दाव्यांचं काय? ते मान्यही करायचे नाहीत, फेटाळायचेही नाहीत. नवीन दावा मात्र कोणी करायचा नाही. भांडण मिटवायच्या भानगडीत न पडता ते तसंच गोठवून ठेवायची ही कल्पना, आमच्या कुटुंबाला जन्मतःच अवगत असल्यासारखी, सगळ्यांना एकदम पटली.

थोरलीने मसुदा लिहिला. फ्रीजरचा वापर फक्त शांततेसाठी. लाल रंगावर बंदी. आईचा उजव्या कोपऱ्यावरचा आणि बायकोचा त्याच उजव्या कोपऱ्यावरचा दावा, दोन्ही जैसे थे. तुटक्या कप्प्यामागची जागा कोणीच मागितली नाही. खऱ्या अंटार्क्टिकातही मेरी बर्ड लँड नावाचा मोठा पट्टा असाच बेवारस आहे. शेवटी धाकट्याने निरीक्षणाचं कलम घालायला लावलं, कारण मूळ करारात तेही आहे: निरीक्षकाला कुठलाही तळ कधीही तपासता येतो. पाच सह्या झाल्या. त्यातली एक पेंग्विनचं चित्र होती.

‘कधीही’ या शब्दाकडे माझं नीट लक्ष गेलं नव्हतं. आता फ्रीजर दिवसातून चाळीसदा उघडतो, आणि त्यामुळे तो मापाबाहेरचा बर्फ कडेने वितळायला लागलाय.

परवा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उजेड दिसला. धाकटा स्टुलावर उभा, अंगात स्वेटर, हातात टॉर्च, डोकं फ्रीजरमध्ये. “झोप रे,” मी कुजबुजलो. “आत्ता तिथे सूर्य मावळतच नाही,” तो आतूनच म्हणाला. दार उघडं राहिल्याचं कुंई-कुंई सुरू झालं. त्याला उचलून खाली ठेवला, आणि आता उठलोच आहे तर म्हणून मीही आत डोकावलो. द्वीपकल्प शाबूत होतं. मातीचे अकरा पेंग्विन जागच्या जागी. आणि तुटक्या कप्प्यामागे, कोणाचीच नसलेल्या त्या जागेत, एक नवी पिशवी कोंबलेली होती. वर चिठ्ठी, आईच्या अक्षरात: ‘ही जागा माझी.’