लांबच्या विमानप्रवासात आराम हवाय? मग आधी स्वतःला घडी घालायला शिका

लांब पल्ल्याचा विमानप्रवास त्रासदायक असतो, हा निव्वळ गैरसमज आहे. त्रासदायक असतात ते प्रवासी. ज्यांना गुडघे असतात, ज्यांना रात्री झोप येते आणि ज्यांना बारा तासांत एकदा तरी लघवीला जावंसं वाटतं, अशी माणसं तिकीट काढतात आणि नंतर विमानाला नावं ठेवतात. कंपनीने तिच्या बाजूने सगळी तयारी करून ठेवलेली असते. उरलेली तयारी तुमची.

सुरुवात इंचांपासून करू. इकॉनॉमी वर्गात दोन रांगांमधलं अंतर साधारण २८ ते ३२ इंच असतं. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. हे अंतर एका सीटवरच्या एखाद्या जागेपासून पुढच्या सीटवरच्या नेमक्या त्याच जागेपर्यंत मोजतात. म्हणजे सीटच्या पाठीची जाडी, तिच्यामागचा खिसा आणि त्यात कोंबलेलं मासिक हे सगळं त्या इंचांतच आलं. उरेल ते तुमच्या पायांचं. रुंदी १७-१८ इंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण पाहून पाय घरीच ठेवून यावेत.

तेव्हा महिनाभर आधीपासून सराव करा. घरातली सगळ्यात अवघड खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडा, गुडघे भिंतीला टेकले पाहिजेत. दोन्ही बाजूंना घरातली दोन माणसं खेटून बसवा. मधल्या माणसाला दोन्ही हात टेकायला मिळावेत असा सभ्य संकेत आहे म्हणतात, तो त्यांना सांगू नका. विमानातही कुणाला माहीत नसतो. मागे एक लहान मूल बसवून पाठीत लाथा मारायला सांगा. ते त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.

सीट निवडताना पैशांकडे पाहू नका, कंपनी तुमच्या वतीने पाहत असते. आणीबाणीच्या दरवाजाजवळची रांग घ्या, तिथे पाय लांब करता येतात. ही जागा खरं तर सगळ्यांना पटकन बाहेर पडता यावं म्हणून नियमाने मोकळी ठेवावी लागते. थोडक्यात, कंपनीने ती नाइलाजाने सोडलेली असते आणि त्या नाइलाजाचे जास्तीचे पैसे तुम्ही आनंदाने भरता. बदल्यात जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात घुसवल्यामुळे सीट आणखी अरुंद, उड्डाणाच्या वेळी पायाशी पिशवी ठेवायची नाही आणि वेळ आलीच तर दरवाजा उघडायचं काम तुमचं. पैसे देऊन नोकरी मिळण्याचे प्रसंग आयुष्यात कमीच येतात.

सामानाचं सोपं आहे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. म्हणून कातडी कोरडी पडू नये म्हणून घेतलेलं महागातलं क्रीम मोठ्या बाटलीतच न्या, म्हणजे सुरक्षा तपासणीतल्या कचऱ्याच्या डब्याची तरी सोय होईल. पॉवर बँक मात्र आठवणीने मोठ्या बॅगेत तळाशी ठेवा. तिथे ती आगीच्या धोक्यामुळे चालत नाही, त्यामुळे तुमच्या नावाचा पुकारा सबंध विमानतळावर होतो.

आता हवेकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पोटाला ते प्रात्यक्षिकातून कळतं. आठ हजार फुटांच्या दाबाला आतड्यातला वायू साधारण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून निघण्याआधी कडधान्यं भरपूर खा आणि वर फसफसणारं काहीतरी प्या. पोट फुगेल, सीट फुगणार नाही, पण शेजाऱ्यांशी ओळख लवकर होईल.

हवेतला ओलावा बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली असतो. कोरडं नाक आणि इंजिनांचा अखंड आवाज यांमुळे गोड-खारट चव मंदावते, म्हणून जेवण जरा चढ्या चवीचं करतात. मीठ खाल्लं की तहान लागते. पाणी पीत राहा, असं डॉक्टरही सांगतात, तेव्हा भरपूर प्या. तुम्ही खिडकीशी असाल आणि उरलेल्या दोन सीटांवरची माणसं गाढ झोपली असतील, तर प्रत्येक घोट विचारपूर्वक घ्या. चार तासांपेक्षा जास्त वेळ हालचाल न करता बसलं की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून चालावं, हाही सल्ला अगदी खरा आहे. तुम्ही उठलात की दोनपैकी एक गोष्ट नक्की घडते: जेवणाची ट्रॉली वाटेत येते किंवा पट्टा बांधण्याचा दिवा लागतो. तेव्हा बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पोटऱ्या आखडून सोडा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बूट मात्र काढूच नका. पाय सुजलेले असतात, परत चढवताना दमछाक होते.

मानेची उशी घ्याच. डोक्याला मागून आधार देणं हे तिचं काम, आणि मागे सीट आधीच असते. डोकं पुढे पडतं. उशी उलटी घातली तर उपयोग होतो, पण मग तुम्ही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासारखे दिसता आणि हवाई सेविका जरा हळुवार बोलते. तोही आरामच.

सीट मागे करण्याचं तत्त्वज्ञान मुळात स्वच्छ आहे. पुढच्याने केली तर तो असंस्कृत, तुम्ही केली तर तो हक्क. तेच चार इंच कंपनीने पुढच्याला टेकायला विकलेले असतात आणि तुम्हाला गुडघ्यांसाठी. पैसे तिने दोघांकडून घेतले, भांडायचं काम तुम्हा दोघांवर सोपवलं. जोरात भांडा. सामान ठेवायच्या कप्प्यावरून होणाऱ्या भांडणापेक्षा हे लांब चालतं, त्यामुळे वेळ चांगला जातो.

विमान उतरलं की चाकं थांबायच्या आत उभे राहा. कप्प्याखाली मान वाकडी करून पंधरा मिनिटं उभं राहणं हा बारा तासांतला एकमेव व्यायाम आहे, तो चुकवू नका. मग बिझनेस वर्गातून बाहेर पडाल. तिथल्या पलंगांएवढ्या सीटा आणि विस्कटलेल्या रजया हळूहळू चालत नीट पाहून घ्या, त्याचे वेगळे पैसे अजून लावलेले नाहीत.

शरीर नव्या घड्याळाशी जुळायला ढोबळ मानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस घेतं, पूर्वेकडे गेलात तर जरा जास्तच. म्हणजे पहिल्या काही रात्री तुम्ही तीन वाजता टक्क जागे असाल. नेमका तेव्हाच फोनवर संदेश येतो: तुमचा प्रवास कसा झाला? मुकाट्याने पाच तारे देऊन टाका. चार दिलेत, तर ‘आम्ही आणखी काय सुधारू शकतो?’ असा तीन पानांचा अर्ज उघडतो.