तुम्ही उठलासा म्हणून गोल झाला

रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शाहू स्टेडियमला मॅच बघायला गेलो आणि अख्खा सेकंड हाफ ग्राउंडकडं पाठ करून बसलो. म्हणजे हौसेनं नाही, मला बसवलं.

आमच्या तालमीचं नाव सांगत नाही, मला अजून पेठेत राहायचंय. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की इथं फुटबॉलच्या टीमा तालमींच्या असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, अशी नावं. पहिल्यांदा कुस्ती होती, बॉल मागनं आला. बाकीच्यांनी तो बदल मनावर घेतला, आमच्यात अजून निरोप पोचलेला नाही. आमची पोरं बॉल मिळाला की आधी अंदाज घेतात, मग परत अंदाज घेतात, मग मागं देतात, मागचा अजून मागं देतो, आणि शेवटी बॉल गोलकीपरकडं जातो.

आणि ह्याला पोरं जबाबदार नाहीत, ह्याला आमचे सर जबाबदार आहेत. सर म्हणजे कोच. ऐंशीच्या दशकात स्वतः लै भारी खेळायचे म्हणे, असतील, कोण नाही म्हणतंय. पण प्रॅक्टिस अजून तीच, जोर, बैठका, ग्राउंडला चकरा, आणि बॉल शेवटच्या पंधरा मिनिटात, तोपर्यंत पोरांच्यात जीव राहिलेला नसतो. डावपेच एकच, "पहिला अर्धा तास नुसतं बघायचं." काय बघायचं ते सरांनी कधी सांगितलं नाही. एकानं सुचवलं की सर, फुटबॉल कोचिंगचं डी लायसन्स काढायचा कोर्स असतो, करून टाका, तर म्हणाले मी काय ट्रक चालवणार हाय काय. मध्ये एक परदेशी प्लेअर आणला होता, वाऱ्यासारखा पळायचा बिचारा, महिन्याभरात तो पण चालायला लागला.

तर गोल कसा झाला ते सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे आणि त्या दिवशी माझं कुणी ऐकून घेतलं नाही. आमच्या कीपरनं साधा बॉल पकडला. पकडून त्यावर झोपला. उठला, शॉर्ट झाडली, सगळ्यांना हातानं पुढं पाठवलं, बॉल दोनदा आपटला. तोवर रेफ्रीनं हात वर करून एकेक बोट खाली घ्यायला सुरुवात केली होती. आता १ जुलै २०२५ पासून नियम असा आहे की कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरला की समोरच्या टीमला सरळ कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं रेफ्री बोटांवर मोजून दाखवतो. आधी सहा सेकंदांचा नियम होता, तो कुणी लावायचंच नाही. आमच्या कीपरला वाटलं रेफ्री ओळख दाखवतोय, त्यानं पण हात केला. शिट्टी, कॉर्नर. सर टचलाइनवर येऊन ओरडायला लागले, "कसला कॉर्नर? बॉल भाईर गेलाय काय?" म्हणजे ज्या माणसानं पोरांना नियम सांगायचा त्यालाच तो पत्ता नव्हता. मी वैतागून पाण्याची बाटली आणायला उठलो, कॉर्नर आला, त्यांच्या उंच पोरानं मोकळ्यात हेडर मारला, गोल.

"तुम्ही उठलासा?"

शेजारी गांधी टोपीवाले एक काका होते. मांडीवर रुमालात शेंगा, कडेला घडी घातलेली छत्री. तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते.

"पाणी आणायला," मी म्हणालो.

"मग झाला की गोल."

मी आठ सेकंदांचा नियम समजावून सांगितला, तारखेसकट. काकांनी शांतपणे ऐकलं, एक शेंग फोडली. "आठ सेकंद व्हय. आनि तुम्ही किती सेकंद हुबा हुतासा?"

"काका, त्याचा काय संबंध?"

"न्हाई, इचारतोय नुसतं." आणि मागं वळून पायरीवरच्या पोरांना, "बघितलंसा का रे, हे उठले आनि गोल झाला."

पोरांनी बघितलं होतं. एक जण माझ्याकडं बोट करून म्हणाला हेच काका मागच्या मॅचला पण होते, तवा पण हरलोय. मी म्हणालो अरे मी त्या दिवशी बेळगावला लग्नाला होतो. त्यावर टोपीवाले काका म्हणाले, "मग तुमच्यासारखंच कोनतरी असंल." झालं. माझा पांढरा पाय सिद्ध झाला.

तरी काका न्यायी माणूस, खात्री केल्याशिवाय शिक्षा नाही. म्हणाले, "बघा जरा ग्राउंडकडं." बघितलं, आमच्या बॅकनं बॉल स्वतःच्याच कीपरच्या अंगावर मारला. "आता तिकडं झाडाकडं बघा." बघितलं, त्यांच्या फॉरवर्डनं समोरनं बाहेर घालवला. काकांनी हात झाडले. "पुरावा पायजे अजून?" हाफटाइमला पोरांनी मला उचलल्यासारखं करून फिरवून बसवलं, तोंड गॅलरीकडं, आणि चारचं ऊन थेट डोळ्यात. काकांनी छत्री उघडली, स्वतःवर.

मग कॉमेंट्री सुरू झाली. "आला… आला… गेला." कोण आला, कुठं गेला, काही नाही. मी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही बोलू नका, बॉल हिकडं येतोय." समोर मला दिसत होती फक्त माणसं. एक पोलीस कुल्फी खात होता आणि ती मनगटावरनं शर्टाच्या बाहीत उतरत होती, पण त्याची नजर ग्राउंडवरनं हटत नव्हती. म्हणजे काहीतरी चाललं होतं तिकडं.

मध्येच मी सरांचा विषय काढला, की काका, दोष माझ्या पाठीचा नाही, कोचिंगचा आहे, जग प्रेसिंग खेळतंय, अंगावर जाऊन बॉल काढून घेतंय, आणि आपण बघत बसलोय. काका भडकलेच. "जुन्या मान्सानला नावं ठेवू नका. १९६२ ला जकार्ताला एशियाडचं गोल्ड कुनी आनलं? जुन्यानीच की." मी म्हणालो अहो पण त्या टीमचे कोच रहीमसाहेब त्या काळात सगळ्यांच्या पुढचा विचार करायचे. फायनलला डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, डिफेंडर माणसाला, पुढं खेळवला आणि त्यानं कोरियाला गोल घातला, आपले सर डिफेंडरला हाफलाइन ओलांडू देत नाहीत. काका म्हणाले, "तेच म्हनतोय मी. जुनं ते सोनं."

ह्यावर काय बोलणार. आणि हा रोग काय एका पेठेचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला भारताची सिंगापूरबरोबर मॅच होती, आपल्या छांगटेनं आधी गोल मारला, घरचं ग्राउंड, तरी २-१ नं हरलो आणि एशियन कपला जायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा कशाची, तर नशिबाची. कोल्हापुरात पळणारी पोरं नाहीत असं तर नाही ना, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. दर वर्षी पेठेत एखादं तरी पोरगं दिसतं जे गल्लीत सायकलींच्या मधनं बॉल घेऊन सुसाट जातं, आणि ते आमच्या टीममध्ये आलं की वर्षभरात मान वर करून चालायला लागतं. हे बघून राग येतो हो. वर्गणी आम्ही देतो, उन्हात आम्ही बसतो, घसा आमचा बसतो, आणि विचारायची सोय नाही, कारण सर म्हणजे सर.

असो. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असताना समोरची अख्खी गॅलरी एकदम उभी राहिली, पोलिसाची कुल्फी खाली पडली, आणि टोपीवाले काकांनी मला मागनं मिठी मारली. बरोबरी! मी वळायला गेलो तर मान धरली, "हलू नका! आजिबात हलू नका!" गोल मी अजून बघितलेला नाही. पोरांनी सांगितलं की सरांनी नाइलाजानं एक अठरा वर्षाचं पोरगं उतरवलं होतं, त्यानं अंदाजबिंदाज न घेता हाफलाइनपासनं सरळ बॉल नेला आणि घातला.

"मग सर खूश असतील," मी झाडाकडं बघत म्हणालो.

"न्हाई, शिव्या घालायलेत त्याला."

"का?"

"जागा सोडली म्हनून."

मॅच १-१ सुटली. बाहेर पडताना काकांनी माझा मोबाइल नंबर घेतला, शेंगा पण दिल्या मूठभर. काल रात्री त्यांचा फोन. पुढच्या मॅचला यायचं, त्याच पायरीवर, तसंच पाठमोरं, आणि शर्ट तोच घालायचा, न धुता. त्या पोराचं विचारलं तर म्हणाले, त्याला बसवलाय सरांनी, लै गडबड करतंय ते.

शर्ट मी आज सकाळी गरम पाण्यात भिजत घातलाय.