तिरका तारा आणि तीन स्क्रू

फोटोत तारा वाकडा आला की दुर्बीणवाल्याचा हात आपोआप मुख्य आरशामागच्या तीन स्क्रूंकडे जातो. अख्खी रात्र फुकट घालवायची याहून स्वस्त सोय मला तरी माहीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपण तसे पटाईत. इथे संन्याशाचा मान आरशाला.

उदाहरणाला आपली नेहमीची आठ इंची न्यूटोनियन घेऊ, म्हणजे नळीच्या बुडाशी मुख्य आरसा आणि तोंडाशी प्रकाश बाजूला वळवणारा छोटा दुय्यम आरसा असलेली दुर्बीण: आरसा २०३ मिमी, नाभीय अंतर १००० मिमी, म्हणजे एफ/५ (अंतर भागिले व्यास), आणि फोकसरला, म्हणजे फोकस जुळवायच्या बाजूच्या नळकांड्याला, लटकवलेला डीएसएलआर कॅमेरा. डिसेंबरातली अमावास्या, वांगणीचं मोकळं शेत, मृगातला तेजोमेघ माथ्यावर, आणि स्क्रीनवर ताऱ्यांऐवजी भाताची शितं. अशा वेळी पाना खिशातच राहू द्या. फोटो मोठा करून आधी मधला भाग बघा, मग चारही कोपरे. सगळीकडचे तारे एकाच दिशेला लांबले असतील तर दोष माउंटचा (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा), वाऱ्याचा, नाहीतर ट्रायपॉडला पाय लावून जाणाऱ्या मित्राचा. मधले तारे गोल आणि चारही कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूला शेपट्या फुटल्या असतील तर तो कोमा. एफ/५ च्या अन्वस्ताकार आरशाचा तो जन्मजात स्वभाव आहे, आणि स्क्रू पिळून स्वभाव जात नाही. त्याला कॅमेऱ्यापुढे कोमा करेक्टर नावाचं भिंग लावावं लागतं. शेपट्यांचं मूळ फोटोच्या मध्यावर न येता कडेला सरकलं असेल, तर मात्र कॉलिमेशनवर, म्हणजे त्या स्क्रूंनी जुळवलेल्या आरशांच्या सरळ रेषेवर, संशय घ्यायला हरकत नाही. आणि सगळेच तारे त्रिकोणी? आरसा धरणाऱ्या तीन क्लिपा कुणीतरी कर्तव्यबुद्धीने आवळल्या आहेत. क्लिप आणि काच यांच्यात साधा कागद सरकला पाहिजे. आरसा कुठे पळून जात नाही.

एकच कोपरा बिघडला असेल तर कॅमेरा तेवढा १८० अंशांत फिरवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. बिघाड फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर सेन्सर किंवा अडॅप्टर तिरका आहे. समोरच्या कोपऱ्यात गेला तर कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर वाकतोय, नाहीतर कॉलिमेशन गेलंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण हसत म्हणतो. या धंद्यात अंगण खरोखर वाकडं असतं, फक्त कुठल्या बाजूने ते मोजून काढावं लागतं.

एवढं करूनही गुन्हा आरशांवरच शाबीत झाला तर नळी आडवी करा. आडवीच. दुय्यम आरशाचे स्क्रू नळीच्या तोंडाशी असतात, ते ॲलन कीने फिरतात, आणि उभ्या नळीत हातातून सुटलेली ॲलन की कुठे जाते, हे ज्याने ही दुर्बीण काढली त्याच न्यूटनने सांगून ठेवलंय. फोकसरमध्ये चेशायर (आरसे जुळवायची, मध्ये भोक असलेली नळी) बसवून त्यातून बघताना दुय्यम आरसा फोकसरखाली गोल आणि मधोमध दिसला पाहिजे, मग त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसल्या पाहिजेत. त्यानंतर मुख्य आरसा हलवून त्याच्या मध्यावरची चिकटवलेली रिंग चेशायरच्या ठिपक्याभोवती आणायची. आता दुय्यम आरशाची काळी आकृती मुख्य आरशाच्या बाजूला किंचित सरकलेली दिसते आणि सज्जन माणूस अस्वस्थ होतो. एफ/५ ला ती तशीच दिसायला हवी. तिला मध्यावर आणायला गेलात की जमलेलं सगळं मोडतं.

चेशायरऐवजी आरसे जुळवायला लेसर वापरणाऱ्यांनी आधी लेसर तपासावा. तो खाचेत आडवा ठेवून जागच्या जागी फिरवला आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका गोल फेऱ्या मारू लागला, तर आरशाला सरळ करणारा गुरुजीच वाकडा आहे.

हे काम दोघांत करू नये. एक जण फोकसरला डोळा लावतो, दुसरा मागे स्क्रूपाशी बसतो, आणि संवाद सुरू होतो:

“जरा डावीकडे.”

“तुझ्या की माझ्या?”

“अरे, खालचा स्क्रू सैल कर.”

“नळी आडवी आहे, खालचा म्हणजे कुठला?”

शेवटी लॉक-स्क्रू आवळले की आरसा पुन्हा तसूभर सरकतो. म्हणून आवळून झाल्यावर परत बघायचं. बरेच जण आवळतात आणि चहा प्यायला जातात.

कोमा करेक्टर लावूनही कोपरे सुधारले नाहीत तर मोजपट्टी काढा. बहुतेक करेक्टरांना सेन्सर आपल्यापासून ५५ मिमीवर लागतो. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे ४४ आणि कॅमेरा करेक्टरला जोडणाऱ्या टी-रिंगचे ११, हिशेब जुळला. मध्ये ३ मिमी जाडीचा फिल्टर घातला की जवळपास १ मिमीने अंतर वाढवावं लागतं, कारण काच प्रकाशाचं नाभीस्थान मागे ढकलते. एका मिलिमीटरने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हबल ही अवकाश दुर्बीण आहे. तिच्या २.४ मीटरच्या आरशाची तपासणी करणाऱ्या उपकरणात एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं, त्यामुळे आरसा अत्यंत काटेकोरपणे चुकीच्या आकारात घासला गेला. १९९० साली तो वर गेला आणि चष्मा लागायला १९९३ चा डिसेंबर उजाडला.

फोटोत करड्या चकत्या दिसल्या की पुन्हा आरशावर धुळीचा आरोप होतो. चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, त्याला पिक्सेलच्या आकाराने आणि एफ-आकड्याने गुणा. १०० गुणिले ४.३ मायक्रॉन गुणिले ५, म्हणजे धूळ सेन्सरपासून साधारण २ मिमीवर, त्याच्या पुढच्या काचेवर. मीटरभर लांबच्या आरशावरची धूळ चकती काढूच शकत नाही. यावर उपाय फ्लॅटचा, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोचा, ज्याने डाग वजा करता येतात, आणि तो कॅमेरा न फिरवता, फोकस न हलवता घ्यायचा. फ्लॅट घेऊनही एक बाजू उजळ राहिली तर नळीचं बूड बघा: आरशामागून लॅपटॉपचा उजेड आत शिरत असतो. तिथे काळी शॉवर कॅप ओढायची. हजारोंचे फिल्टर घेणाऱ्याला हा उपाय अपमानास्पद वाटतो, पण चालतो.

पावसाळाभर पेटीत ठेवलेल्या आरशावर बुरशीची जाळी धरली, तरच तो धुवायचा. साध्या धुळीला हात लावू नका. ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. आधी नुसत्या पाण्याची धार. मग कोमट पाण्यात द्रवसाबणाचे दोन थेंब आणि भिजलेला कापसाचा बोळा, तो स्वतःच्या वजनाने जेवढा घासेल तेवढाच, आणि प्रत्येक ओढीला नवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा तिरपा उभा करायचा आणि निथळू द्यायचा. राहिलेला थेंब टिपकागदाच्या टोकाने उचलायचा. फुंकर मारायची नाही. फुंकरीत थुंकी असते.